ओरांगउटानला घाई का नसते?

सुमात्रा बेटाच्या उत्तरेला गुनुंग ल्यूसर नावाचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे. त्यातल्या सुआक बालिंबिंग या दलदलीच्या जंगलात २०२२ च्या जूनमध्ये संशोधकांना एक जखमी ओरांगउटान दिसला. त्याचं नाव राकुस. उजव्या डोळ्याखाली ताजी, उघडी जखम होती. बहुधा दुसऱ्या नराशी झालेल्या मारामारीतली. तीन दिवसांनी तो एका वेलीची पानं खाताना दिसला. थोडा वेळ खाऊन झाल्यावर त्याने पानं गिळायचं थांबवलं, नुसती चावत राहिला आणि तोंडातला रस बोटाने जखमेवर लावू लागला. पुन्हा पुन्हा, जवळजवळ सात मिनिटं. शेवटी चोथा थापून त्याने जखम पूर्ण झाकून टाकली. अंगावर दुसरीकडे कुठेही रस लावला नाही. पाच दिवसांत जखम मिटली आणि महिनाभरात बरी झाली. इझाबेल लाउमर आणि कॅरोलिन शुप्ली यांच्या गटाने मे २०२४ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केलं. रानातल्या एखाद्या प्राण्याने औषधी वनस्पती स्वतःच्या जखमेवर लावल्याची ही पहिली शास्त्रशुद्ध नोंद मानली जाते.

त्या वेलीला तिकडे अकार कुनिंग म्हणतात. शास्त्रीय नाव फायब्रॉरिया टिंक्टोरिया. आपली गुळवेल ज्या कुळातली, त्याच कुळातली ही वेल. करोनाच्या दिवसांत पुण्यातल्या कितीतरी घरांत गुळवेलीचा काढा उकळत होता, कडुनिंबावर चढलेल्या वेली लोक शोधत फिरत होते, ते आठवलं की राकुसची गोष्ट एकदम जवळची वाटते. सुमात्रातली माणसंही ही वेल पिढ्यानपिढ्या औषध म्हणून वापरत आली आहेत.

बातमी तेव्हा सगळीकडे फिरली, पण तिच्यातला एक तपशील मात्र बहुतेकांकडून निसटला. राकुसला हे संशोधक २००९ पासून ओळखत होते. ओरांगउटान ही वनस्पती फार क्वचित खातात, त्यामुळे वर्षानुवर्षं पाठलाग केल्याशिवाय असा क्षण हाती लागत नाही. या प्राण्याबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे, ते असंच हळूहळू साठत आलेलं आहे. बिरुटे गाल्डिकास १९७१ मध्ये बोर्निओच्या तांजुंग पुटिंग जंगलात गेल्या आणि त्यांनी आयुष्यातली दशकंच्या दशकं या एका प्राण्याला दिली. जेन गुडॉल चिंपांझींसाठी आणि डायन फॉसी गोरिलांसाठी जशा गेल्या, तशाच या. पण ओरांगउटान उंच झाडांवर, एकेकटा, मैलोन्‌मैल विखुरलेला. दलदलीत कमरेएवढ्या पाण्यातून चालत दिवसभर मान वर करून बघायचं आणि संध्याकाळी वहीत ‘खाल्लं, झोपला, खाल्लं’ एवढंच लिहायचं, असे कित्येक दिवस जातात.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. ओरांगउटान माकड नाही. सिंहगडावर किंवा ताम्हिणीच्या रस्त्याला दिसणारं वानर आणि लाल तोंडाचं माकड, दोघांना शेपूट असते. ओरांगउटानला नसते. तो चिंपांझी, गोरिला आणि माणूस यांच्या पंक्तीतला, मोठ्या कपींपैकी एक. आशियात आज उरलेला हा एकमेव मोठा कपी, आणि जगातला झाडावर राहणारा सर्वांत वजनदार प्राणी. वयात आलेला मोठा नर ८० ते ९० किलोंचा भरतो, मादी साधारण त्याच्या निम्मी. नराने दोन्ही हात पसरले तर टोकापासून टोकापर्यंत दोन मीटरच्या वर अंतर होतं. पाय मात्र आखूड, आणि हातांसारखेच पकड घेणारे. एवढं वजन घेऊन बारीक फांद्यांवरून जायचं म्हणजे उड्या मारून चालत नाही. तो एका वेळी तीन-चार ठिकाणी धरतो, वजन वाटून घेतो आणि मग पुढे सरकतो. दोन झाडांमध्ये अंतर जास्त असेल तर ज्या झाडावर आहे तेच आपल्या वजनाने झुलवतो आणि पलीकडची फांदी हाताशी आली की पकडतो. पिल्लू मागे राहिलं असेल तर आई दोन झाडांच्या मध्ये स्वतःचं शरीर ताणून धरते आणि पिल्लू तिच्या अंगावरून पलीकडे जातं.

जाती तीन आहेत. बोर्निओ बेटावरची एक, सुमात्राची एक, आणि तिसरी तापानुली. ही तिसरी उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरू या डोंगराळ जंगलापुरतीच आहे. ती वेगळी जात असल्याचं २०१७ मध्ये कवटी आणि जनुकांच्या अभ्यासातून सिद्ध झालं. तिची संख्या ८०० च्या आत. आपण तिला नाव दिलं तेव्हाच ती जगातल्या मोठ्या कपींमधली सर्वांत दुर्मीळ जात ठरलेली होती.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. बारमाही पावसाचं जंगल म्हटलं की आपल्याला वाटतं, फळांना काय तोटा! प्रत्यक्षात बोर्निओच्या जंगलात फळांचा पत्ता लागणं फार अवघड असतं. तिथली मोठी झाडं डिप्टेरोकार्प कुळातली आहेत, आपल्या मध्य भारतातला साल याच कुळातला. ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी, कधी दहा वर्षांनीही, एखाद्या वर्षी मैलोन्‌मैल पसरलेली झाडं एकदम फुलतात आणि फळतात. इतर कित्येक जातींची झाडंही त्याच सुमाराला फळांनी लगडतात. या बहराचा एल निन्योशी संबंध आढळतो. हो, तोच एल निन्यो, ज्याचं नाव काढलं की इकडे खडकवासल्याच्या साठ्याची काळजी सुरू होते. बहर ओसरला की मात्र महिनोन्‌महिने जंगलात फारसं काही नसतं.

शेरिल नॉट यांनी बोर्निओच्या गुनुंग पालुंग उद्यानात याचं मोजमाप केलं. १९९८ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे बघून मी थक्क झाले होते. बहराच्या महिन्यांत नर दिवसाला ८,००० च्या वर कॅलरी पोटात घालत होते, माद्या ७,००० च्या वर. टंचाईच्या महिन्यांत नर ४,००० च्या खाली आले आणि माद्या १,८०० च्या आसपास. पोटात काय जातंय ते तर दिसलं, पण शरीराचं काय होतंय हे कसं कळणार? संशोधकांनी उत्तर मिळवलं ते लघवीतून. ओरांगउटान पहाटे घरट्यातून उठला की पहिलं काम तेच करतो. खाली प्लास्टिक धरायचं आणि नमुना गोळा करायचा. टंचाईच्या काळातल्या नमुन्यांत कीटोन सापडले. शरीर साठवलेली चरबी जाळून दिवस काढत असल्याची ती खूण.

म्हणजे या प्राण्याचं आयुष्य सुबत्ता आणि उपासमार यांच्या लाटांवर चालतं, आणि लाट कधी येणार हे ठरलेलं नसतं. अशा ठिकाणी टिकायचं तर एकच मार्ग उरतो: मिळेल तेव्हा भरपूर खाऊन चरबी साठवायची आणि एरवी खर्च शक्य तेवढा कमी ठेवायचा. हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ठेवलेल्या ओरांगउटानांचा रोजचा ऊर्जाखर्च मोजला आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडला. वजनाचा हिशेब धरला तर ते माणसापेक्षाच काय, मोजमाप झालेल्या जवळजवळ सगळ्या सस्तन प्राण्यांपेक्षा कमी ऊर्जेवर जगतात. हे प्राणी आळशीपणे पडून नव्हते, रानातल्याइतकीच हालचाल करत होते. शरीराचं इंजिनच मंद आचेवर चालणारं. ओरांगउटानची सावकाशी ही अशी हाडामांसात मुरलेली आहे. त्याचं वाढणं, शिकणं, मुलं होणं, म्हातारं होणं, सगळं त्याच गतीने चालतं.

फळं नसतात तेव्हा तो काय खातो? कोवळी पानं, मुंग्या, वाळवी, झाडाच्या सालीखालचा गर. बोर्निओतले ओरांगउटान साल जास्त खातात. सुमात्राची जमीन ज्वालामुखीच्या राखेने सुपीक झालेली, तिथे वड-उंबरांच्या जातीची झाडं अधिक, त्यामुळे तिकडे एवढी ओढाताण होत नाही. पुण्याच्या रस्त्यांवरचे वड, पिंपळ, उंबर ज्या फायकस वंशातले आहेत, त्याच वंशातली झाडं ओरांगउटानला वाईट दिवसांत तारतात, कारण एक झाड नाही तर दुसरं, वर्षभर कुठे ना कुठे फळलेलं असतं. ड्युरियन या उग्र वासाच्या फळासाठी तर तो जीव टाकतो. एकूण खाण्याच्या जिनसा दोनशेच्या वर. कुठलं फळ कधी पिकतं, कुठल्या फळाचं साल कडू आणि गर गोड, कुठल्या झाडाचं नुसतं पान चालतं, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं.

हे ज्ञान जन्मजात नसतं. ते आईकडून येतं, आणि मला विचाराल तर ओरांगउटानच्या आयुष्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच आहे.

मादीला पहिलं पिल्लू पंधराव्या वर्षाच्या सुमारास होतं. दोन पिल्लांमध्ये सात ते नऊ वर्षांचं अंतर असतं. जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत एवढं मोठं अंतर दुसऱ्या कुणाचं नाही, माणसाचंही नाही. पन्नाशी गाठणारी मादी सगळ्या आयुष्यात चार-पाच पिल्लांची आई होते. पहिली काही वर्षं पिल्लू तिच्या अंगाला चिकटलेलं असतं. ते आईचं दूध किती वर्षं पितं हे झाडाखालून बघून ठरवणं कठीण, म्हणून तान्या स्मिथ यांनी दातांकडे मोर्चा वळवला. दुधातून आलेलं बेरियम दातांच्या थरांमध्ये साठतं, जसं झाडाच्या खोडात वर्षाचं वलय उमटतं. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की एक पिल्लू पावणेनऊ वर्षांपर्यंत दूध पीत होतं. शिवाय बेरियमचं प्रमाण मधूनमधून वर-खाली होत होतं. फळांचा हंगाम सरला की पिल्लं पुन्हा दुधावर जास्त अवलंबून राहत होती. जंगलात काही नसेल तेव्हा आई स्वतःच्या शरीरातून भरपाई करते, जेव्हा तिलाही पोटभर मिळत नसतं.

आणि ही सगळी वर्षं पिल्लू बघत असतं. शब्दशः बघत असतं. आई काही नवीन किंवा अवघड खात असली की पिल्लू तिच्या तोंडापासून वितभर अंतरावर चेहरा नेतं आणि एकटक पाहतं. शुप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हजारो प्रसंगांची नोंद ठेवली आहे. जे खाणं क्वचित मिळतं किंवा ज्यावर बरीच खटपट करावी लागते, ते आई खात असेल तर पिल्लू जास्त वेळ बघतं. आणि बघून झालं की स्वतः तीच वस्तू हातात घेऊन उलटसुलट करत बसतं. मोठं होता होता मुलामुलींत फरक पडतो. मुली आईकडेच बघत राहतात. मुलगे दुसऱ्यांकडे, विशेषतः बाहेरून आलेल्यांकडे बघू लागतात. यामागचं कारण सरळ आहे. मुलगी मोठी झाली की आईच्या शेजारीच आपला इलाका करते, तेव्हा आईचं ज्ञान तिला जन्मभर पुरतं. मुलाला दूर जायचं असतं, अनोळखी जंगलात, जिथे आईला माहीत असलेली झाडं असतीलच असं नाही.

घरटं बांधणंही असंच शिकावं लागतं. रोज संध्याकाळी ओरांगउटान झोपायला नवीन घरटं करतो. जाड फांद्या वाकवून, एकमेकींत अडकवून पाया, त्यावर बारीक डहाळ्यांची गादी, कधी उशीला पानांचा जुडगा, आणि पाऊस असेल तर डोक्यावर छप्परही. पाच-दहा मिनिटांत काम तमाम. पण ते पाच-दहा मिनिटांत जमण्यासाठी पिल्लू वर्षाचं होण्याच्या आधीपासून फांद्या वाकवण्याचे खेळ खेळत असतं, आणि चांगलं, न मोडणारं घरटं जमायला पुढे कित्येक वर्षं जातात. संशोधक ओरांगउटानांची मोजदाद करतात ती बऱ्याचदा याच घरट्यांवरून. प्राणी लपतो, घरटं आठवड्यामागून आठवडे तसंच राहतं.

आमच्या सोसायटीतल्या सहावीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, “काकू, एवढा एकटा राहून त्याला कंटाळा येत नाही का?” प्रश्न उत्तम आहे. चिंपांझी फळलेल्या झाडावर टोळीने जमतात. ओरांगउटानच्या जंगलात मात्र फळं बहुतेक काळ विरळ आणि विखुरलेली, एका झाडावर बऱ्याच जणांचं भागत नाही. एकत्र राहणं परवडत नाही म्हणून ते विखुरतात. पण विखुरलेले असले तरी ते एकमेकांना चांगले ओळखतात. शेजारच्या माद्या, बऱ्याचदा बहिणीबहिणी किंवा मायलेकी, मधूनमधून भेटतात आणि मोठ्या जवळपास खात असताना पिल्लं एकमेकांशी खेळून घेतात. फळांची रेलचेल असली की एकाच झाडावर बरेच जण जमतात. सुमात्रात हे जास्त दिसतं, बोर्निओत कमी.

नरांची व्यवस्था तर अजबच. वयात आलेले नर दोन तऱ्हेचे असतात. एकाच्या गालांवर दोन्ही बाजूंना पसरट, मांसल पट्टे वाढलेले असतात, गळ्याखाली मोठी पिशवी लोंबत असते, केस लांब आणि अंग मादीच्या दुप्पट. दुसऱ्याला यातलं काहीच नसतं, तो जेमतेम मादीएवढा दिसतो. पूर्वी लोकांना वाटायचं की हा दुसरा अजून लहान आहे. तो लहान नसतो. प्रजननक्षम असतो, पिल्लांचा बापही होतो. फक्त त्याच्या शरीराने पुढची वाढ थांबवून धरलेली असते, आणि ती दहा-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ थांबू शकते. जवळपास एखादा दणकट पट्टेवाला नर असला की ही वाढ रोखली जाते, असं अनेक संशोधकांचं मत आहे. पट्टे आले की मारामाऱ्या आल्या, एवढं मोठं अंग पोसणं आलं. बिनपट्ट्याचा नर या दोन्हीतून सुटतो, पण माद्या त्याला पसंत करत नाहीत आणि तो अनेकदा जबरदस्ती करतो. हे वाचायला आवडत नाही, तरी सांगायला हवं. राकुस सुआकमध्ये आला तेव्हा बिनपट्ट्याचा होता. त्याचे गालपट्टे फुटले ते २०२१ च्या सुमारास. म्हणजे ती जखम झाली तेव्हा तो पट्टेवाल्यांच्या मैदानात नुकताच उतरला होता.

पट्टेवाला नर हाक देतो. गळ्याची पिशवी फुगवून दिलेली ही हाक आधी घुमते, मग गर्जनेसारखी चढते, मग उसासे टाकत विरते. एक मिनिटापेक्षाही जास्त चालू शकते. दाट जंगलातही किलोमीटरभर अंतरावर ती ऐकू जाते. शनिवारवाड्यापाशी कुणी ओरडावं आणि मंडईत ऐकू यावं, तेवढं हे अंतर. माद्या त्यावरून ठरवतात की जवळ राहायचं की लांब. छोटे नर सटकतात. कारेल फान शाइक आणि सहकाऱ्यांनी सुआकमधल्या नरांच्या हाकांचा आणि प्रवासाचा मेळ घातला आणि २०१३ मध्ये जाहीर केलं की नर ज्या दिशेला जाणार असतो त्या दिशेला तोंड करून तो हाक देतो. संध्याकाळी घरट्यात जाताना दिलेल्या हाकेची दिशा आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा मार्ग जुळत होता. म्हणजे उद्या कुठे जायचं हे त्याने आज ठरवलेलं असतं, रात्र मध्ये गेली तरी ते बदलत नाही, आणि तो ते आजूबाजूच्या सगळ्यांना आधी कळवतो.

काळाचं भान असल्याची आणखी एक खूण आईंच्या वागण्यात सापडली. धोका दिसला की ओरांगउटान ओठ आवळून चुंबनासारखा ‘च्च्’ आवाज काढतात. सुमात्राच्या जंगलात एका संशोधकाने वाघाच्या पट्ट्यांचं कापड पांघरून, रांगत, माद्यांच्या झाडांखालून जायचं असा प्रयोग केला. आद्रियानो लामेइरा आणि जोसेप कॉल यांनी तो २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. माद्या वाघ बघून गप्प. पिल्लू जवळ ओढायचं, वर सरकायचं, आवाज नाही. ‘वाघ’ दिसेनासा झाल्यावर, सरासरी सात मिनिटांनी, त्या ‘च्च्’ करू लागायच्या. वाघ समोर असताना ओरडणं म्हणजे आपली जागा दाखवून देणं. पण नंतर तरी ओरडायचं कशाला? पिल्लाला कळावं म्हणून, असं संशोधकांचं म्हणणं, कारण पिल्लू जितकं लहान तितका आई जास्त उशीर करत होती. म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीबद्दल बोलणं, जे आपण माणसाचंच वैशिष्ट्य समजत आलो. बोर्निओत वाघ नाहीत. तिथले ओरांगउटान, विशेषतः मोठे नर, बरेचदा जमिनीवर उतरून चालतात.

‘च्च्’ आवाजाचेही प्रकार आहेत. काही ठिकाणचे ओरांगउटान तो आवाज तोंडावर पानं धरून काढतात, म्हणजे आवाज जाड होतो आणि प्राणी आहे त्याहून मोठा वाटतो. दुसऱ्या ठिकाणचे असं करत नाहीत. सुआकमधले ओरांगउटान काडी सोलून, दातांत धरून झाडाच्या ढोलीतला मध काढतात. नीसिया नावाचं एक फळ तर काडीशिवाय खाताच येत नाही, कारण बियांभोवती काचेसारखे टोचणारे केस असतात. काडीने आधी ते झाडून काढायचे आणि मग बिया. अलास नदीच्या पलीकडेही नीसियाची झाडं आहेत, ओरांगउटानही आहेत, पण काडी कुणी वापरत नाही. ओरांगउटानला मोठी नदी ओलांडता येत नाही, त्यामुळे अलीकडची युक्ती पलीकडे पोहोचलेली नाही. फान शाइक यांच्या गटाने २००३ मध्ये वेगवेगळ्या जंगलांमधल्या अशा २४ रीतींची यादी केली आणि त्यांना संस्कृती म्हटलं. मला तो शब्द योग्य वाटतो. एका जंगलातली रीत आईकडून मुलीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे जाते. माणसाच्या चालीरीतीही अशाच टिकतात.

इथे थोडं विषयांतर. ज्यांनी सत्तरच्या दशकात मानवशास्त्र वाचलं, डेक्कन कॉलेजच्या परिसरात प्रागैतिहासाच्या गप्पा ऐकल्या, त्यांना ‘रामापिथेकस’ हे नाव आठवत असेल. १९३२ मध्ये हिमाचलातल्या हरितल्यांगर इथे एक जबड्याचा तुकडा सापडला होता, आणि पुढे बराच काळ तो माणसाच्या आद्य पूर्वजाचा मानला गेला. नंतर शिवालिक टेकड्यांच्या पट्ट्यात, पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर, शिवापिथेकस या नामशेष कपीच्या चेहऱ्याचा जीवाश्म सापडला. डेव्हिड पिल्बीम यांनी १९८२ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. उंच लंबगोल डोळ्यांच्या खोबणी, दोन डोळ्यांमधलं अरुंद अंतर: हा चेहरा ओरांगउटानच्या वळणाचा होता. रामापिथेकसही याच शिवापिथेकसमध्ये जमा झाला. माणसाचा पूर्वज म्हणून आपण ज्याला मिरवत होतो, तो ओरांगउटानचा नातेवाईक निघाला. साधारण सव्वा कोटी वर्षांपूर्वी त्याचं कुटुंब भारतीय उपखंडात नांदत होतं.

आज ते दोन बेटांवर आक्रसलं आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तिन्ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहेत. बोर्निओमध्ये १९९९ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाल्याचा अंदाज २०१८ मध्ये मांडला गेला. त्यातले बरेचसे नाहीसे झाले ते जंगल उभं असलेल्या भागातून, कारण शिकार आणि बागांमध्ये शिरलेल्या प्राण्यांना मारणं चालूच राहिलं. जंगलही गेलं: लाकूडतोड, खाणी, पाम तेलाच्या लागवडी, आणि दलदलीची जमीन कोरडी केल्यावर लागणाऱ्या आगी. २०१५ च्या एल निन्योमध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली. आणि सात-आठ वर्षांनी एकदा विणारी जात एवढं नुकसान भरून काढू शकत नाही. तापानुलींबद्दलचा हिशेब असा, की वर्षाला शंभरातला एकापेक्षा जास्त प्रौढ प्राणी माणसामुळे गेला तर ती जात संपणारच. शंभरात एक म्हणजे वर्षाला आठ. टंचाईच्या जंगलात ज्या सावकाशीने त्याला लाखो वर्षं तारलं, तीच बंदुकीपुढे आणि करवतीपुढे त्याच्या जिवावर उठली आहे.

आई मारल्याशिवाय पिल्लू हाती लागत नाही. पाळायला म्हणून विकलेलं प्रत्येक पिल्लू म्हणजे एक मेलेली आई, आणि तिच्या डोक्यातला तो दोनशे झाडांचा नकाशाही तिच्याबरोबर गेलेला. बोर्निओ आणि सुमात्रातल्या पुनर्वसन केंद्रांत माणसं अशा अनाथ पिल्लांना झाडावर चढायला, घरटं बांधायला, काय खायचं ते ओळखायला शिकवतात. वर्षानुवर्षं शिकवतात. मोठ्या कष्टाचं, मायेचं काम आहे ते. तरी सात वर्षं आईच्या तोंडाकडे बघून जे येतं, ते सगळं माणसाला शिकवता येत नाही.

पाम तेलाचा आपल्याशी थेट संबंध आहे. भारत हा पाम तेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार, आणि हे तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. फरसाण, वेफर्स, बिस्किटं, खारी, आइस्क्रीम, आंघोळीचा साबण. पुण्यातल्या कुठल्याही किराणा दुकानातली पाकिटं उलटून बघा, ‘पामोलिन’ किंवा ‘पाम तेल’ लिहिलेलं हमखास दिसेल. मग सरळ बंदच करावं का? मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. एका हेक्टरमधून पामचं झाड सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतं. तेवढंच तेल दुसऱ्या पिकातून काढायचं तर कुठलं तरी आणखी जंगल किंवा माळरान जाईल. प्रश्न झाडाचा नसून ते कुठे लावलं याचा आहे. नवीन जंगल न तोडता पिकवलेल्या तेलाला प्रमाणित करणारी आरएसपीओ ही संस्था २००४ पासून काम करते. तिच्या प्रमाणपत्रात त्रुटी आहेत, तरी ग्राहकांनी विचारणा केल्याशिवाय कंपन्या हलत नाहीत, आणि आपल्याकडे अशी विचारणा जवळजवळ होतच नाही. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करून ‘तुमचं पाम तेल प्रमाणित आहे का’ एवढं विचारायला दोन मिनिटं लागतात. मी विचारते. बऱ्याचदा पलीकडच्या माणसाला प्रश्नच कळत नाही, मग मी समजावून सांगते.

पुण्याहून बाली-मलेशियाच्या सहलींना आता पुष्कळ जण जातात. त्यातल्या कुणाला ओरांगउटान बघायचे असतील तर सुमात्रात बुकित लावांग, इंडोनेशियन बोर्निओत तांजुंग पुटिंग आणि मलेशियाच्या सबाह राज्यात किनाबातांगान नदी ही चांगली ठिकाणं आहेत. सबाहमधल्याच सेपिलोकला १९६४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. किमान दहा मीटर अंतर ठेवा. मार्गदर्शक केळं दाखवून प्राण्याला खाली बोलावत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. माणसाच्या हातून खाण्याची सवय लागलेला ओरांगउटान जमिनीवर उतरतो, माणसांच्या अंगावर येतो आणि शेवटी त्यालाच त्रास होतो. आपले बहुतेक श्वसनाचे आजार त्यांना होऊ शकतात, म्हणून मास्क लावा. आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जंगलात जाऊ नका, तिकिटाचे पैसे बुडाले तरी.